बिनकामाची म्हणून काढलेली ग्रंथी

१८८२ च्या सप्टेंबरात जिनिव्हा शहरात दोन सर्जनांची गाठ पडली. एक तिथलाच, ज्याक-लुई रेव्हर्दां. दुसरा बर्नहून आलेला थिओडोर कोखर. दोघेही गलगंडाच्या शस्त्रक्रियेत मुरलेले, त्यामुळे बोलणं साहजिकच त्या विषयावर आलं. रेव्हर्दांने सहज म्हणून एक गोष्ट सांगितली. थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढलेले त्याचे काही रुग्ण जखम भरून घरी गेले, आणि काही महिन्यांनी सुस्त, सुजरे, मंद होऊन परत आले. तुमच्याकडे असं काही दिसलं का, असं त्याने विचारलं.

कोखरला लगेच उत्तर देता आलं नाही. घरी गेलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं हे विचारण्याची तेव्हा रीत नव्हती. टाके काढले, ताप नाही, जखम कोरडी आहे, की रुग्ण बरा. सर्जनची वही तिथे मिटायची. पण जिनिव्हातल्या त्या प्रश्नाने त्याला एक जुनं प्रकरण आठवलं असणार. एका गावातल्या डॉक्टरने त्याला पूर्वीच कळवलं होतं, की तुम्ही १८७४ मध्ये शस्त्रक्रिया केलेली अमुक मुलगी पार बदलून गेली आहे.

या कोखरचा दरारा काय होता, ते आधी सांगायला हवं. स्वित्झर्लंडच्या डोंगरदऱ्यांत गलगंड घरोघरी असे. काहींची गाठ एवढी वाढे, की श्वासनळी दबून माणूस गुदमरायचा. पण त्या गाठीला सुरी लावायची कोणाची छाती नव्हती. थायरॉइडला रक्तपुरवठा भरपूर. एक रक्तवाहिनी सुटली की टेबलावरच सगळं संपलं. १८५० मध्ये फ्रेंच वैद्यक अकादमीने ही शस्त्रक्रिया धिक्कारली होती. १८६६ मध्ये अमेरिकेतला नामवंत सर्जन सॅम्युएल ग्रॉस याने तर शहाण्या आणि प्रामाणिक माणसाने या वाटेला जाऊच नये, अशा अर्थाचं लिहून ठेवलं. अशा काळात, १८७२ मध्ये, वयाची जेमतेम तिशी गाठलेला कोखर बर्नला प्राध्यापक झाला. देवभोळा, शिस्तीचा, कमालीचा सावकाश हात. लिस्टरची जंतुनाशक पद्धत त्याने उचलली, एकेक रक्तवाहिनी चिमट्यात धरून बांधली. आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरमध्ये टोकाला दात असलेला जो चिमटा ‘कोकर’ म्हणून आजही मागितला जातो, तो याचाच. दहा वर्षांत त्याने शंभराच्या आसपास गलगंड काढले. ज्या शस्त्रक्रियेत माणसं पटापट दगावत, तिच्यात त्याचे बहुतेक रुग्ण पायांनी चालत घरी जात होते.

आणि अर्धवट काम त्याला खपत नसे. गाठ काढायची तर ग्रंथी मुळासकट काढायची, म्हणजे गलगंड परत उगवायला नको. ग्रंथी गेली तर जाते काय? तिचं काम काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गळा गोलसर, शोभिवंत दिसावा म्हणून ती दिली असावी, मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा जोर ती आवरत असावी, असे तर्क पुस्तकांत होते. पण ती नसली तर अडतं, असं कोणी ठामपणे म्हणत नव्हतं.

जिनिव्हाहून परतल्यावर कोखरने आपल्या जुन्या रुग्णांना निरोप धाडले: येऊन भेटा, तपासायचं आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत धाडसी काम हेच. शस्त्रक्रियेला कौशल्य लागतं. पण यशस्वी म्हणून मिरवलेल्या आपल्याच शस्त्रक्रियांची उलटतपासणी घ्यायला वेगळी छाती लागते. ज्यांची ग्रंथी थोडी शिल्लक ठेवली होती, ते ठणठणीत होते. ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती, त्यांतले अठरा जण तपासणीला आले, आणि अठरापैकी सोळांची अवस्था पाहून तो हादरला. चेहरे सुजलेले, पापण्या फुगलेल्या, त्वचा कोरडी आणि खरखरीत, केस विरळ. बोलणं जड. भर उन्हातही थंडी वाजणारे, साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ घेणारे. जे दोघे बरे राहिले होते, त्यांच्या गळ्यात ग्रंथीचा राहिलेला अंश पुन्हा वाढलेला आढळला.

आठवणीतली ती मुलगीही आली. शस्त्रक्रियेच्या वेळी ती अकरा वर्षांची होती. तिला एक धाकटी बहीण होती. दोघी इतक्या सारख्या दिसत, की लोकांची गफलत व्हायची. नऊ वर्षांनी दोघींना शेजारी उभं करून फोटो काढला गेला. धाकटी उंच, भरल्या अंगाची तरुणी झालेली. थोरली होती तेवढीच राहिलेली, बुटकी, चेहरा सुजट, नजर मंद. ग्रंथी काढली त्या दिवशी तिची वाढ थांबली होती. वैद्यकाच्या इतिहासात एवढा स्पष्ट पुरावा क्वचितच एका फोटोत मावला असेल.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन सर्जनांच्या परिषदेत कोखरने हे सगळं स्वतःच मांडलं. सौम्य गलगंडासाठी पूर्ण थायरॉइड यापुढे कधीही काढणार नाही, असं ठरवलं आणि ते पाळलं. मात्र कारण त्याला सापडलं नाही. ग्रंथी काढताना श्वासनळीचा रक्तपुरवठा तुटतो, ती अरुंद होते, शरीराला हवा कमी पडते, त्याचा हा परिणाम, असं त्याचं म्हणणं. पुरावा शंभर नंबरी, अनुमान चुकीचं. १९०९ मध्ये थायरॉइडवरच्या कामासाठी त्याला नोबेल मिळालं, एखाद्या सर्जनला मिळालेलं पहिलंच. तोवर खरं कारण सगळ्यांना कळून चुकलं होतं.

यात एक गंमत अशी, की व्हिएन्नाचा थोर सर्जन बिलरोथ हाही गलगंड काढत असे, पण त्याचे रुग्ण असे सुजून परत येत नसत. त्यांना झटके येत, हातपाय आखडत. दोघांचेही हात जवळून पाहिलेल्या अमेरिकन सर्जन हॅल्स्टेडने पुढे याचा उलगडा केला. बिलरोथ झपाट्याने काम उरकायचा. त्या धांदलीत थायरॉइडचे तुकडे मागे राहत आणि तिच्या पाठीला चिकटलेल्या चार इवल्या पॅराथायरॉइड ग्रंथी निघून जात, म्हणून झटके. कोखर सावकाश आणि नेटका. तो त्या इवल्या ग्रंथी जपायचा आणि थायरॉइडचा कणही मागे ठेवायचा नाही. त्याच्या रुग्णांचं नुकसान झालं ते त्याच्या टापटिपीमुळे.

इकडे लंडनमध्ये हेच चित्र दुसऱ्या दाराने आत आलं होतं, आणि तिथे कोणी सुरी लावलेली नव्हती. १८७३ मध्ये क्लिनिकल सोसायटीत सर विल्यम गल उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी युवराजांना विषमज्वरातून बरं केलेले, राणी व्हिक्टोरियाच्या विश्वासातले वैद्य. त्यांनी पाच स्त्रियांची हकिगत सांगितली. प्रौढ वयात त्यांचे चेहरे गोल आणि मोठे होत गेले, जीभ जाड झाली, शब्द तोंडातच घोटाळू लागले, हात फावड्यासारखे रुंद झाले, चपळ स्वभाव ढिला पडला. आल्प्सच्या दऱ्यांत जन्मजात खुरटलेली जी मुलं दिसत, त्यांना क्रेटिन म्हणत. तसंच काहीतरी या बायकांना वय झाल्यावर होतंय, एवढं गल यांनी नेमकं हेरलं. पण थायरॉइडला त्यांनी जबाबदार धरलं नाही.

चार-पाच वर्षांनी सेंट थॉमस रुग्णालयाच्या विल्यम ऑर्ड यांनी अशा रुग्णांची शवविच्छेदनं पाहिली. त्वचेखाली पाणी साचलेलं नव्हतं, जेलीसारखा चिकट पदार्थ होता; बोटाने दाबलं तर खळगा पडत नसे. त्यांनी आजाराला मिक्सिडीमा हे नाव दिलं. थायरॉइड सुकलेली आहे हेही त्यांच्या नजरेला आलं. पण ती सुकल्यामुळे सूज आली, की सुजेच्या दाबाने ती सुकली? ऑर्ड यांनी दुसरं धरलं, आणि हाताशी आलेला धागा निसटला.

धागा जोडला फेलिक्स सेमॉन याने. हा मूळचा जर्मन, लंडनमध्ये स्थिरावलेला घशाचा डॉक्टर. जर्मन नियतकालिकं तो वाचत असे म्हणून कोखरचं बर्लिनचं निवेदन त्याच्या हाती आलं; आणि ऑर्ड ज्या रुग्णालयात होते तिथेच काम करत असल्याने मिक्सिडीमाचे रुग्णही त्याने पाहिले होते. नोव्हेंबर १८८३ मध्ये क्लिनिकल सोसायटीत तो उठून म्हणाला, की लंडनच्या या सुजलेल्या बायका, कोखरचे शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि आल्प्समधली खुरटलेली मुलं, हा सगळा एकच आजार आहे. तिन्हींत थायरॉइडचं काम बंद पडलेलं आहे. सभेत त्याचं म्हणणं हसण्यावारी गेलं. हसून झाल्यावर मात्र सोसायटीने एक समिती नेमली. अध्यक्ष ऑर्ड. समितीने ब्रिटनभर आणि युरोपात डॉक्टरांना प्रश्नावल्या धाडल्या, शंभरावर रुग्णांच्या नोंदी जमवल्या. त्यांत पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त होत्या. समितीचाच एक सदस्य, तरुण सर्जन व्हिक्टर हॉर्सली, याने माकडांच्या थायरॉइड काढून पाहिल्या. माकडं सुजली, मंद झाली, थंडीने काकडू लागली. पाच वर्षं हे काम चाललं. १८८८ मध्ये आलेला जाडजूड अहवाल सांगत होता, की सेमॉनचं बरोबर होतं.

मग रोग कळला, उपाय? हॉर्सलीने १८९० मध्ये सुचवलं, की मेंढीची थायरॉइड रुग्णाच्या शरीरात बसवून बघा. त्याच वर्षी लिस्बनमध्ये बेत्तेन्कोर्त आणि सेर्रानो या दोघांनी छत्तीस वर्षांच्या एका बाईच्या स्तनाखाली मेंढीची अर्धी थायरॉइड शिवली. दुसऱ्या दिवसापासून तिला बरं वाटू लागलं. एका रात्रीत परक्या ग्रंथीला रक्तपुरवठा जुळणं शक्य नव्हतं, हे त्या दोघांनी लक्षात घेतलं. म्हणजे ग्रंथीतला रसच शरीरात झिरपून काम करत असणार.

ही बातमी न्यूकॅसलमधल्या जॉर्ज रेडमेन मरे याने वाचली. वय पंचवीस. हॉर्सलीच्या हाताखाली शिकलेला, वडीलही डॉक्टर. त्याने पुढची उडी घेतली: रसच काम करत असेल तर ग्रंथी शिवायची कशाला, रस काढून टोचावा. फेब्रुवारी १८९१ मध्ये गावच्या वैद्यकीय सभेत त्याने मिक्सिडीमाची एक रुग्ण दाखवली आणि हा बेत बोलून दाखवला. एका ज्येष्ठाने टोमणा मारला, की मग मज्जारज्जूच्या रोगाला मज्जारज्जूचा लगदा टोचत चला! टोमणा अगदीच बिनबुडाचा नव्हता. दोनच वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या बहात्तरीतल्या शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेऊन तारुण्य परत आल्याचं जाहीर केलं होतं, आणि युरोपभर त्याची टर उडत होती. ग्रंथींचे अर्क म्हटलं की लोकांना भोंदूगिरी आठवायची.

मरेची कृती त्याच्या लेखात तपशिलाने आहे. नुकत्याच मारलेल्या मेंढीच्या थायरॉइडचा एक भाग निर्जंतुक हत्याराने काढायचा, चरबी सोलायची, बारीक चिरायचा. त्यावर एक घन सेंटिमीटर ग्लिसरीन आणि तेवढंच कार्बोलिक अॅसिडचं पातळ द्रावण घालून चोवीस तास थंड जागी ठेवायचं. मग उकळून घेतलेल्या तलम रुमालात बांधून पिळायचं. मिळणारा गुलाबीसर, गढूळ रस जेमतेम तीन घन सेंटिमीटर. तो दोन्ही खांद्यांच्या मध्ये, पाठीच्या सैल त्वचेखाली टोचायचा.

रुग्ण होती सेहेचाळीस वर्षांची बाई. चार-पाच वर्षं आजारी. बोलायला, घर आवरायला जीव होईना, परक्या माणसासमोर जायला नको वाटे, सतत थंडी, अंगाचं तापमान ९५ ते ९७ फॅरनहाइटच्या दरम्यान, पाळी सहा वर्षं बंद. १३ एप्रिल १८९१ रोजी तिला पहिलं इंजेक्शन दिलं, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. तीन महिन्यांत तिचा चेहरा ओळखीचा झाला. ओठांची सूज उतरली, बोलण्याला वेग आला, घाम येऊ लागला, पाळी सुरू झाली, ती रस्त्याने न दमता चालू लागली. मरेने १० ऑक्टोबर १८९१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापलं. शरीरात कमी पडलेला अंतःस्राव बाहेरून भरून काढण्याचा हा पहिला यशस्वी उपचार. मधुमेहाला इन्शुलिन मिळायला अजून तीस वर्षं होती.

इंजेक्शनची कटकट फार दिवस सहन करावी लागली नाही. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, लंडनचा हेक्टर मॅकेंझी, प्लिमथचा एडवर्ड फॉक्स आणि कोपनहेगनचा हॉविट्झ, तिघांनाही स्वतंत्रपणे आढळलं की ग्रंथी खाल्ली तरी चालते. फॉक्सची पाककृती प्रसिद्ध आहे: अर्धी थायरॉइड हलकीशी परतायची, बारीक करायची आणि करंट नावाच्या फळाच्या जेलीबरोबर आठवड्यातून एकदा द्यायची. इंग्रजांच्या चवीबद्दल आपण फार न बोललेलं बरं, पण रुग्णांनी ती खाल्ली आणि त्या बऱ्या झाल्या. लवकरच वाळवलेल्या ग्रंथीच्या पुडीच्या गोळ्या आल्या.

घोळ डोसाचा होता. कोणत्या मेंढीच्या ग्रंथीत किती रस, हे कोण सांगणार? वर्षानुवर्षं मंद गतीने चाललेलं हृदय एकाएकी पळवलं की छातीत कळा येत. उत्साहाच्या भरात डोस वाढवल्यावर काही रुग्ण हृदय बंद पडून गेलेही. थोड्यापासून सुरुवात, सावकाश वाढ, म्हाताऱ्या आणि हृदयविकाराच्या रुग्णात आणखी सावकाश, हा आजचाही नियम त्या पहिल्या एक-दोन वर्षांच्या धक्क्यांतून आला. आणि दुसरी गोष्ट उपचार थांबवल्यावर कळली: काही आठवड्यांत सूज परत. हे औषध आयुष्यभराचं होतं.

न्यूकॅसलची ती बाई पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. आधी इंजेक्शनं, मग तोंडाने द्रवरूप अर्क, मग गोळ्या. १९१९ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती हृदयविकाराने वारली, तेव्हा मरे मँचेस्टरला प्राध्यापक होता. १९२० मध्ये त्याने तिच्या एकटीवर लेख लिहिला आणि हिशेब मांडला: तिच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या थायरॉइड लागल्या होत्या. कोखरने जुन्या रुग्णांना परत बोलावलं; मरेने पहिल्या रुग्णाची साथ शेवटपर्यंत सोडली नाही. कमी पडलेल्या थायरॉइडचं दुखणं एका भेटीत दिसतच नाही. ते वर्षांच्या अंतराने चढतं आणि वर्षांच्या अंतरानेच कळतं. या विषयात जे जे पुढे कळलं, ते बहुतेक असं पुन्हा वळून बघणाऱ्यांनाच कळलं.

रसायनशास्त्राची गोष्ट थोडक्यात. १८९५ मध्ये जर्मनीत बाउमानला थायरॉइडमध्ये आयोडीन सापडलं, तेव्हा त्याचा स्वतःचा विश्वास बसेना. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडलने ग्रंथीतल्या सक्रिय द्रव्याचे स्फटिक वेगळे केले आणि त्याला थायरॉक्सिन म्हटलं. सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथींमधून त्याला अवघं ३३ ग्रॅम मिळालं. केंडलने मांडलेली रचना चुकली होती. १९२६ मध्ये लंडनच्या चार्ल्स हॅरिंग्टनने ती बरोबर मांडली आणि पुढच्या वर्षी जॉर्ज बार्जरच्या साथीने प्रयोगशाळेत थायरॉक्सिन तयारच केलं. तरी ते पोटातून नीट शोषलं जाईना. १९४९ मध्ये त्याचा सोडियम क्षार आला आणि ती अडचण सुटली. आज औषधाच्या दुकानातून शंभर गोळ्यांची जी बाटली मिळते, ती हीच.

पण ज्या बायकांच्या गळ्याला कोणी सुरी लावली नाही, त्यांची ग्रंथी सुकली कशाने? याचं उत्तर जपानमध्ये धूळ खात पडलं होतं. क्यूशू विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीतला हाकारू हाशिमोतो शस्त्रक्रियेत काढलेल्या गलगंडांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. चार स्त्रियांच्या ग्रंथींत त्याला पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली. क्षय नाही, कॅन्सर नाही, हा वेगळाच प्रकार आहे, असं त्याने १९१२ मध्ये जर्मन नियतकालिकात सविस्तर लिहिलं. पुढे तो शिकायला जर्मनीला गेला, पण महायुद्ध पेटल्याने माघारी आला, आणि इगा प्रांतातल्या आपल्या गावी घरचा दवाखाना चालवू लागला. रात्री-अपरात्री व्हिजिटला जाणारा गावचा डॉक्टर एवढीच त्याची ओळख. १९३४ मध्ये विषमज्वराने तो गेला, वय बावन्न. त्याचं नाव जगभरच्या रिपोर्टांवर छापलं जाईल, हे त्याला कधी कळलं नाही.

१९५६ मध्ये लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाशिमोतोच्या आजाराच्या रुग्णांचं रक्त थायरॉइडच्या अर्काशी मिसळलं. दोन्ही भिडले तिथे पांढरी रेघ उमटली: रुग्णाचं शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर प्रतिपिंडं सोडत होतं. शरीर स्वतःवर उलटतं हे तोपर्यंत बहुतेकांना अशक्य वाटे. आज संधिवातापासून मधुमेहाच्या एका प्रकारापर्यंत जी लांबलचक यादी आपण ऐकतो, तिच्या अगदी आरंभी ही सुकणारी थायरॉइड आहे.

आपल्याकडे थायरॉइडचा इतिहास लिहायचा तर तो हिमालयाच्या पायथ्याशी सुरू होतो. पावसाने आणि बर्फाने धुपलेल्या मातीत आयोडीन उरलेलं नाही. त्यामुळे काश्मीरपासून ईशान्येपर्यंत गलगंडाचा पट्टा. आल्प्सचीच गत. स्वित्झर्लंडमध्ये ओटो बायार्ड या डोंगरी डॉक्टरने मिठात आयोडीन घालून पाहिलं आणि १९२२ पासून तसं मीठ विकलं जाऊ लागलं. कोखर त्याआधी पाच वर्षं वारला होता. भारतात १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात सुमारे एक लाख लोकांत हाच प्रयोग केला: खोऱ्याचे तीन भाग, दोन भागांना आयोडीनचं मीठ, मधल्या भागाला साधं. काही वर्षांनी पाहिलं तर दोन भागांत गलगंड निम्म्याहून खाली, साध्या मिठाच्या भागात जसाच्या तसा. मग तिथेही आयोडीनचं मीठ दिलं, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मिठावरचा हा आग्रह पुढे वादाचाही झाला. बिनआयोडीनच्या मिठाच्या विक्रीवरची बंदी २००० मध्ये उठली आणि मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. कोकणातल्या मिठागरांचं खडे मीठ ज्यांच्या डोळ्यांपुढे आहे, त्यांना हा वाद नुसता कागदी वाटणार नाही.

पण मिठाने सगळं सुटलं नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिल्ली, मुंबई, गोवा, कोलकाता अशा आठ ठिकाणी पाच हजारांवर प्रौढांचं रक्त तपासलं, तर सुमारे ११ टक्क्यांची थायरॉइड कमी काम करत होती; त्यातल्या जवळपास एकतृतीयांश लोकांना त्याचा पत्ता नव्हता. शहरात भरपूर आयोडीन खाणाऱ्या बाईची ग्रंथी सुकते ती बहुतेकदा हाशिमोतोने वर्णिलेल्या प्रकाराने, आणि तिला मिठाचा उपयोग नाही, गोळीच लागते.

ही गोळी घेणाऱ्याला तिची शिस्त पाठ असते. सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि चहा निदान अर्ध्या तासाने. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी सुरू असेल तर चार तासांचं अंतर, नाहीतर ती थायरॉक्सिनला आतड्यात अडवून धरते. थायरॉक्सिनचं अर्धं प्रमाण संपायला शरीराला आठवडाभर लागतो, म्हणून एखादी गोळी चुकली तर कोसळायला होत नाही, आणि डोस बदलला तरी खरा परिणाम सहा ते आठ आठवड्यांनी तपासावा लागतो. दिवस गेलेल्या बाईला डोस बहुधा वाढवावा लागतो, कारण पहिल्या तिमाहीत बाळाचा मेंदू आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असतो. बर्नच्या त्या थोरल्या बहिणीचं जे वय वाढताना झालं, ते इथे गर्भातच होऊ शकतं. म्हणून अनेक देशांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन ही तपासणी होते. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ती १९७० च्या दशकात सुरू झाली. आपल्याकडे ती अजून सरसकट होत नाही.

डोस मोजायची नवी पट्टी १९६० च्या दशकात आली. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला हाकणारा टीएसएच नावाचा स्राव सोडते. थायरॉइड मंदावली की तो वाढतो. तो रक्तात मोजता येऊ लागला, तशी एक अडचणीची गोष्ट उघड झाली: नाडी, वजन आणि रुग्णाला कसं वाटतं यावरून डॉक्टर जो डोस देत होते, तो कितीतरी जणांना जास्त होता. रोजचे दोनशे, तीनशे मायक्रोग्रॅम सहज दिले जात. आकडा हाताशी आल्यावर ते निम्म्यावर आले. जास्त डोसाने हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके चुकतात, तेव्हा हे भल्याचंच झालं.

याची दुसरी बाजूही आहे. टीएसएच नेमका, रिपोर्ट सुरेख, आणि तरीही थकवा जात नाही, डोक्यावरचं धुकं हटत नाही, असं सांगणारे रुग्ण थोडे का होईना, आहेत. १९५२ मध्ये लंडनला जॅक ग्रॉस आणि रोझालिंड पिट-रिव्हर्स यांनी थायरॉक्सिनहून जास्त प्रभावी असा दुसरा स्राव, टी-थ्री, शोधला. १९७० मध्ये अमेरिकेत ब्रेव्हरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की शरीर थायरॉक्सिनपासून तो स्वतःच बनवतं, म्हणून एकच गोळी पुरेल. सगळ्यांची शरीरं तो सारख्याच प्रमाणात बनवतात का? १९९९ मध्ये लिथुआनियातल्या एका छोट्या अभ्यासात दोन्ही द्रव्यं एकत्र दिलेल्या रुग्णांना जास्त बरं वाटल्याचं आलं. त्यानंतरच्या बहुतेक चाचण्यांत तो फरक दिसला नाही, तरी त्याच चाचण्यांत, कोणती गोळी चालू आहे हे माहीत नसताना, दोन्हींची मिश्र गोळी पसंत करणाऱ्यांची संख्या काही ठिकाणी भरली. डॉक्टर एवढंच म्हणतात, की आधी रक्तातलं लोह, ब-१२, झोप आणि मन तपासून पाहा, आणि त्यातून काही निघालं नाही तर देखरेखीखाली काही महिने टी-थ्री देऊन बघायला हरकत नाही; फायदा नसेल तर थांबवा.